अडलेल्या पेशी

मिरजेच्या त्या दवाखान्यात आता पुरुषांची रांग बायकांच्या रांगेपेक्षा लांब असते. जिवंत पेशीतलं एकेक प्रथिन रंगवून दाखवणारं 'सजीव भिंग' आलं, आणि मूल नसलेल्या जोडप्यात आधी पुरुष तपासायचा असा कायदा झाला. पुरुष तोंडाला रुमाल बांधून बसतात. बसू देत. इतकी वर्षं बायका तोंड लपवून बसल्याच ना.

धैर्यशील फौंड्रीत फोरमन. त्याच्या बायकोनं, प्रणोतीनं, लग्नापासून दोन ऑपरेशनं, नाना इंजेक्शनं आणि सासूचे टोमणे सोसले होते. त्याची तपासणी एकदाही नाही. आक्कांनी, म्हणजे त्याच्या आईनं, कायदा येईपर्यंत ती होऊच दिली नव्हती.

डॉ. शाहीन मुजावर यांनी त्याच्या अंडकोशातला मोहरीएवढा तुकडा पडद्यावर दाखवला. शुक्राणू घडताना पेशी आपल्या डीएनएची एकदा नक्कल करते, मग दोनदा विभागते, त्यांनी समजावलं. नक्कल सुरू व्हायला काही प्रथिनांचं कडं डीएनएवर बसावं लागतं. तो पेशीचा परवाना. त्याच्या पेशींत हे कडंच बसत नव्हतं. पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या अडल्या होत्या. कमी पडणारं प्रथिन काचेच्या बशीत पुरवलं तर त्या पुढं सरकतील आणि त्यांतून शुक्राणू घडतील. नक्कल चुकलेल्या पेशी भिंगातून हुडकून बाजूला काढता येतील. संमती मात्र दोघांची हवी.

धैर्यशीलनं लगेच सही केली. प्रणोतीनं पेन घेतलं नाही.

"आधी बाहेर जाऊन रांगेत बसलेल्या आक्कांना सांगा. सगळ्यांसमोर. मला वांझ म्हणताना त्यांनी दार लावलं नव्हतं."

"घरी सांगतो की."

"मग मुलाचंही घरी गेल्यावर बघू."

रोज भट्टीसमोर उभा राहणारा माणूस दाराची कडी धरून घुटमळला. मग बाहेर गेला.

"आक्का, दोष माझ्यात आहे. हिच्यात कधीच नव्हता."

"हळू बोल," आक्का म्हणाल्या. "मशीन बिघडलं आसंल."

त्यानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. आक्कांच्या तोंडून माफी निघाली नाही. अशांच्या निघत नसते. पण शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी सुनेसाठी जागा केली.

प्रणोती बसली नाही. आत जाऊन तिनं सही केली.

काही आठवड्यांनी पडद्यावर एका पेशीत हिरवं कडं उजळलं. नक्कल सुरू झाली होती.

"मुलगा झाला तर त्यालाही हे होईल?" धैर्यशीलनं विचारलं.

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या.

प्रणोती पडद्याकडे बघतच बोलली, "मग त्याला शाळेत असतानाच सांगू. कुणी लाज शिकवायच्या आत कळलं, तर ती त्याला वाटेल तरी कशाला?"