आवजो, बेन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कोमल, तो मोबाईल पालथा ठेव. अनय, दिवा राहू दे बंद, उगाच डास येतात. गोष्ट आपल्या मागच्या सोसायटीतल्या भास्कररावांची आहे आणि घडून दोन वर्षंही झालेली नाहीत. माणूस तुम्ही रोज बघता. जन्म गेला इथे बडोद्यातच, मकरपुऱ्याच्या कारखान्यात. देवापेक्षा मोजमापावर विश्वास जास्त. भुताखेताचं नाव काढलं की "चल, काहीतरीच" म्हणून उडवून लावणारा गडी.

रात्र कोजागरीची. सोसायटीच्या दुधाचं काम दरवर्षी भास्कररावांकडेच. त्यांनी डेअरीतून दूध आणलं, खाली मंडपात आचाऱ्याच्या हवाली केलं, वेलची जास्त टाकू नकोस म्हणून त्याला दम भरला आणि गरबा सुरू व्हायच्या आत घरी निघाले. लोकांनी पुष्कळ आग्रह केला. ते म्हणाले, "नको बाबा. आकांक्षाचा फोन यायचाय."

आकांक्षा त्यांची एकुलती एक लेक. बायको गेल्यावर जगात तेवढंच माणूस उरलेलं. जावई उत्कर्षच्या नोकरीमुळे दोघं ब्युनोस आयर्सला. अर्जेंटिनाची राजधानी रे. नाव नीट म्हणायला भास्कररावांना महिना लागला. पोरीचे दिवस भरत आलेले, डॉक्टरनं सांगितलं होतं रोज चाला. मग ती बापाला फोनवर घ्यायची आणि शहर दाखवत हिंडायची. आपल्याकडे अंथरुणं घालायची वेळ, तिकडे लख्ख दुपार. त्यामुळे वर्षभरात इथल्या जवळच्या करजणच्या पलीकडे न गेलेल्या या माणसाला तिथला चौकातला उंच दगडी खांब माहीत, बंदराजवळची रंगीबेरंगी पत्र्याची घरं माहीत. फूटपाथवर जोडपी नाचायची आणि येणारे-जाणारे थांबून टाळ्या वाजवायचे. भास्करराव इथे पलंगावर बसून मान डोलवायचे.

त्या दिवशी ती दफनभूमीत गेली होती.

"बाबा, घाबरू नका. इथली बघण्यासारखी जागा आहे ही. लोक तिकीट काढून येतात."

"मसण बघायला तिकीट? आणि तू या अवस्थेत? आई असती तर तुला..."

"बाबा, बघा तर खरं!"

बघितलं. आत सरळसोट गल्ल्या, दोन्हीकडे संगमरवरी घरं. दारं, कड्या, पायऱ्या, सगळं आपल्या घरासारखं. फक्त आत राहणारे मेलेले. एका पायरीवर काळ्या झग्यातली म्हातारी बसली होती, मांडीवर रिकामे हात ठेवून. फोन तिच्यावरून फिरला तशी ती नेमकी यांच्याकडे बघून हसली.

आता भास्करराव पडले रीतीचे. त्यांनी हात जोडले. आकांक्षा पुढे निघाली तेव्हा सवयीनं तोंडातून गेलं, "आवजो, बेन!"

काय चुकलं कळलं का? आपण बडोद्याची मराठी माणसं. भाजीवालीला आवजो, रिक्षावाल्याला आवजो. निरोपाचाच शब्द तो, पण अर्थ काय त्याचा? 'या.' दुखवट्याच्या घरातून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. गुपचूप उठतो, चपला घालतो. आणि या शहाण्यानं मसणात बसलेल्या बाईला 'या, ताई' म्हटलं!

म्हातारी उठली.

आकांक्षा रस्त्यावर आली. केवढी वर्दळ! बस, फुलवाले, कोणी पेटीसारखं वाद्य वाजवतोय. आणि तिच्या खांद्यामागे काळा झगा. भास्कररावांना वाटलं, जात असेल बाई आपल्या वाटेनं. आकांक्षा कॉफी प्यायला बसली. मागच्या टेबलावर म्हातारी. समोर कप नाही, काही नाही. ती आकांक्षाच्या पाठीकडे बघत होती.

"बेटा, तुझ्या मागे कोण आहे गं?"

तिनं वळून पाहिलं. "कुठे? रिकामं टेबल आहे. बाबा, चष्मा बदला आता."

त्यांनी चष्मा पुसला. उठले, खोलीत फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले. खाली गरब्याचा ढोल तापला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. फोन ठेवून द्यावा असं शंभरदा मनात आलं. पण ठेवला तर तिकडे पोर एकटी पडेल.

पोर घरी पोचली. लिफ्टच्या आरशात दोघी. एक बोलत होती, एक गप्प.

"बाबा, जरा आडवी होते. पोटात कळ आलीय."

"उत्कर्षला बोलाव."

"निघालाय तो..."

आकांक्षानं फोन उभा करून ठेवला आणि कोचावर पडली. उशाशी म्हातारी. वाकलेली. एक हात हळूहळू पोटाकडे...

"बाबा... फार दुखतंय..."

भास्करराव ताडकन उठले. फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. आणि ओरडले.

"ओ बेन! तिला नाही. मी बोलावलं तुम्हाला. मी! मारे घेर आवो. बडोदे, मकरपुरा रोड. छोकरीने छोडी दो!"

हात थांबला.

म्हातारीनं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं.

मग कोचावर फक्त आकांक्षा होती. "कोणाशी बोलताय बाबा? अहो, थांबलं दुखायचं..."

खाली ढोल थांबला.

दाराची बेल वाजली.

भास्कररावांनी दार उघडलं. जिन्यात कोणी नाही.  ते दारातून बाजूला झाले, पाहुण्याला वाट देतो तसे.

"या," म्हणाले. "बसा."

...

आकांक्षाला मुलगी झाली, सुखरूप. फाल्गुनात ती बाळाला आणि उत्कर्षला घेऊन बडोद्याला आली, तर बापानं तिची सोय अलकापुरीच्या हॉटेलात केली! लोकांनी तोंडात बोटं घातली. नातीला दिवसभर कडेवर घेऊन हिंडायचे, संध्याकाळी एकटे घरी परतायचे. तिला काय, बाळाला काय, घराचा उंबरा ओलांडू देईनात. कारण विचारलं की म्हणायचे, "घरी पाहुणे आहेत." आकांक्षा रडली, भांडली. "आईच्या घरात मलाच बंदी?" त्यांचेही डोळे भरायचे, पण हो म्हणत नव्हते.

शेवटी तिला राहवेना. एक दिवस रिक्षा केली, तिच्याकडची जुनी किल्ली लावली आणि शिरली आत. भास्करराव धापा टाकत मागून पोचले.

घर झाडलेलं, पुसलेलं. खिडकीपाशी आरामखुर्ची. खुर्ची रिकामी, पण तिच्यातली जाड गादी मधोमध खोल दबलेली. शेजारी पाण्याचा भरलेला पेला.

"कोण आहे बाबा इथे? मला कोणीच दिसत नाही."

त्यांनी तिचा दंड धरला. "चल खाली. आधी खाली चल."

"एवढं काय घाबरताय? बाळाला नाही आणलं मी. ती अलकापुरीला आहे, हॉटेलवर, उत्कर्षजवळ."

भास्कररावांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

उशीर झाला होता.

खुर्चीतली गादी सावकाश वर आली. बसलेलं माणूस उठलं की येते तशी.