चोचीतून निघालेली तार

चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा नकाशा संगणकावर काढावा लागतो. ते माझं काम. मग मूळ आराखडा आणि आमचा नकाशा ताडून बघतात. दोन्ही जुळले की चिप रवाना. कंटाळवाणं काम आहे, पण माणसांशी कमी बोलावं लागतं म्हणून मला आवडतं.

हे मला मास्तरांनी शिकवलं. शिक्षक नव्हते ते. सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून मास्तर. विचारात असले की पेन्सिलीने टेबलावर वाजवत बसायचे, टक-टक... टक. नुसतं डोकं उठायचं. नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यात जो तो आपली खूण काढून ठेवतो, अशी आमच्यात पद्धत आहे. मास्तरांची खूण म्हणजे चिमणी. कशालाही न जोडलेली, निव्वळ शोभेची. शेवटच्या चिपवर ती काढली आणि आठवडाभरात मास्तर गेले.

ती चिप हृदयाला ठोके देणाऱ्या यंत्राची होती. दादाचं जुनं यंत्र कुरकुरत होतं, त्याला हेच बसवायचं होतं. त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून तपासत होते.

पाठवायच्या दिवशी दुपारी एक चूक निघाली. आराखड्यात नसलेली एक तार नकाशात दिसत होती. चिमणीच्या चोचीतून निघून ती ठोक्यांची वेळ ठरवणाऱ्या भागाकडे चालली होती. मी ती खोडली आणि पुन्हा तपासलं. तार परत आली होती, आणि आता आणखी पुढे सरकली होती. खोलीत ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा वास येत होता. आमच्याकडे आता पेन्सिल कुणीच वापरत नाही.

मी अख्खी चिमणीच काढून टाकली. या वेळी एकही चूक नाही. हायसं वाटलं. सहज नकाशा उघडला, तर चिमणी जागच्या जागी, आणि तार थेट त्या भागाला जाऊन भिडलेली. मग मूळ आराखडा उघडला. त्यातही तीच तार होती.

साहेबांना बोलावलं.

“दोन्ही जुळतात ना?”

“जुळतात. पण सकाळी आराखड्यात ही तार नव्हती...”

“अगं, तपासणी पास झालीये. उगाच फाटे फोडू नकोस.”

संध्याकाळी चिप गेली. दादाला म्हटलं, हे यंत्र नको, दुसऱ्यासाठी थांब. तो हसला. “तुझ्या चिमणीपायी थांबायला माझ्याकडे वेळ कुठाय?”

खरंच नव्हता.

यंत्र बसलं. डॉक्टर म्हणाले, घड्याळासारखं चाललंय. दादा जिने चढायला लागला. एका दुपारी तो आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. मी उशी सारखी करायला वाकले, तेव्हा त्याच्या छातीतून ऐकू आलं. टक-टक... टक.

“मास्तर...?” मी अगदी हळू म्हटलं.

आवाज थांबला. दादाचे ओठ निळे पडू लागले. मग, कुणी हाक ऐकून मान वर करावी आणि कुणी दिसलं नाही म्हणून पुन्हा कामाला लागावं, तसे ठोके सुरू झाले.

दादाने डोळे उघडले. “काय गं, हाक मारलीस?”

“नाही. झोप तू.”

घरात तो शब्द आता मी काढत नाही. पण खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. पेटी शिकवतात. संध्याकाळी मुलं शिकायला येतात आणि खालूनच मोठ्याने ओरडतात, “मास्तर, आलो!”

त्या वेळेला मी सगळ्या खिडक्या लावून घेते. दादा म्हणतो, उघड गं, फार उकडतंय.