खालच्या स्वयंपाकघरातली हेस्टर

नॉरिस ट्रँटरला त्या संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून, दिवे मालवून वर यायचं होतं. बस्, एवढंच काम. मी तेव्हा विदर्ली हॉलचा माळी. बाहेर अंगणातले भोपळे गोळा करत होतो. नॉरिस पाहुण्यांना हवेली दाखवायचा, तुम्ही पोरं आता दाखवता तशीच.

हॅलोवीनचा शनिवार होता. आदल्या रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाचलाच काळोख. दुसऱ्या दिवसापासून हवेली हिवाळ्यापुरती बंद व्हायची होती.

नॉरिस आधी बस चालवायचा. बोलायला लागला की ऐकत राहावं. मुलं त्याला बिलगायची ती हेस्टरच्या गोष्टीसाठी. हेस्टर प्यू इथे भांडी घासायला होती आणि पंधराव्या वर्षी वारली. एवढं खरं. चर्चच्या आवारात तिच्या कबरीचा दगड आहे. बाकी सगळं नॉरिसने रचलेलं. तिने म्हणे चांदीचा चमचा चोरला, पकडली गेली, विहिरीत उडी टाकली. मग तो नाक ओढत रडक्या आवाजात विचारायचा, "माझा चमचा कुणी पाहिला का हो?" पोरं खिदळायची.

त्या दुपारी एक म्हातारी बाई मागे थांबली. बोलण्यावरून वेल्सकडची.

"हेस्टर माझ्या आजीची थोरली बहीण," ती म्हणाली. "तिने काही चोरलं नाही हो. मालकांची मुलं तापाने पडली, तिने त्यांची उस्तवार केली, आणि त्याच तापात गेली."

नॉरिस ओशाळला. "पोरांसाठी असतं हो बाई. गंमत."

"गंमत करा. तिचं नाव तेवढं घेऊ नका."

"नाही घेत."

आणि पुढचा घोळका आल्यावर त्याने घेतलं. सवयीने म्हणा, टाळ्यांच्या लोभाने म्हणा. रडका आवाजही काढला. बाई अजून दाराशी कोट चढवत होती. तिने ऐकलं. बटणं लावली आणि मान खाली घालून निघून गेली. हे मला नॉरिसनेच सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

तर, खिडक्या लावून झाल्या. एक दिवा राहिला होता. तेवढ्यात मागे आवाज आला.

खस्... खस्...

दगडावर ब्रश घासल्यासारखा. अगदी जमिनीलगत.

"ग्वेन, तू आहेस का गं?" ग्वेन आमच्याकडे झाडलोट करायची.



खस्... खस्... जवळ आला. साबणाचा वास. दिसत काहीच नव्हतं. फरशी मात्र ओली होत होती... त्याच्याकडे सरकत.

पायाशी येऊन आवाज थांबला.

गुडघ्यांवर बसलेल्या मोलकरणीने, समोरचा माणूस बाजूला व्हायची वाट पाहावी... तसा.

नॉरिसला पाय उचलवेना. माफी मागायची होती त्याला. तोंड उघडलं.

"हेस्टर..."



खालून एक श्वास ऐकू आला. लहानसा. दमलेला.

मग पुन्हा... खस्... खस्... त्याच्या बुटांच्या कडेकडेने. जपून.

"तिने मला शिव्या द्यायच्या होत्या रे," तो नंतर म्हणाला. "गळा धरायचा होता. तिने माझे बूट भिजू दिले नाहीत."

वसंतात हवेली उघडली तेव्हा नॉरिस आला नाही. त्या बाईचं गाव शोधून तिच्या दारापर्यंत गेला होता. बेल न वाजवताच परतला.

आणि त्या हॅलोवीनच्या रात्री, नॉरिस वर आल्यावर, मी टॉर्च घेऊन खाली उतरलो होतो. स्वयंपाकघर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लख्ख घासलेलं, ओलं. मधोमध बुटांचे दोन कोरडे ठसे. मला वाटलं, सकाळी सगळं वाळेल आणि विषय मिटेल. वाळलंही. पण ती फरशी आजही धुवून पाहा. कितीही पाणी ओता, तेवढे दोन ठसे भिजत नाहीत.