टेकाडाची साक्षी

बीडच्या तामीरात, म्हणजे बांधकामाच्या, कचेरीत विठ्ठलरावांइतका चिवट माणूस दुसरा नव्हता. सडक असो, मोरी असो की तलाव, सरकारनं काढलेलं काम फितीनं मोजायचं आणि पैमाइशीच्या वहीत आकडा लिहायचा, एवढी त्यांची नोकरी. त्या आकड्यावर गुत्तेदाराचं बिल निघे. सव्वीस वर्षांत त्यांनी डोळ्यांनी न पाहिलेला आकडा लिहिला नव्हता. कचेरीतली मंडळी म्हणत, विठ्ठलराव घरी भाकरीसुद्धा मोजून मगच तुकडा मोडत असतील. त्यांची बायको गीताबाई हे ऐकून हसायची. मागच्या ज्येष्ठात ती गेली, आणि आता घरात मोजण्याइतक्या भाकरी होत नव्हत्या.

फसली तेराशे एकविसाच्या वैशाखात कचेरीच्या वरिष्ठ मोहतमीम साहेबांनी, जागा पुन्हा पाहून या म्हणत, त्यांच्यापुढे कागदांची एक मिसल सरकवली. नांदूरघाटजवळच्या तलावाची. मातीकामाचा गुत्तेदार आश्रुबा वारला होता. त्याची बायको मनकर्णा म्हणत होती, की आम्ही अकरा फुटांहून उंच टेकाड कापून त्याची माती तलावाच्या बांधावर टाकली. खातं म्हणत होतं, टेकाड चार फूटच होतं. चार फूट धरले तर आश्रुबानं घेतलेली उचल कामापेक्षा जास्त ठरे. त्या जादा उचलीच्या वसुलीसाठी त्याची चौदा गाढवं जप्त होऊन सुंदरराव पाटलांच्या कोंडवाड्यात उभी होती. येत्या बाजाराला त्यांचा लिलाव होता. गाढवं गेली की मनकर्णाचं मातीकाम संपलं.

मिसल वाचायची विठ्ठलरावांना गरज नव्हती. त्यातलं एक वाक्य त्यांच्याच हातचं होतं.

टेकाड कापताना गुत्तेदार मधोमध मातीचा एक उभा खांब सोडतात. खांबाच्या डोक्यावर मूळचं गवत तसंच असतं. जमीन आधी किती उंच होती, हे त्या खांबावरून कळतं. त्याला साक्षी म्हणतात. मोजणी झाली की मोजणारा खांबावर कुदळीचा पहिला घाव घालतो, "साक्षी सुटली" म्हणतो, आणि मगच लोक खांब पाडतात. आश्रुबाचं काम संपलं तेव्हा विठ्ठलरावांनी त्याला निरोप धाडला होता, मी येईपर्यंत साक्षी मोडू देऊ नकोस. मग गीताबाईला ताप भरला आणि त्यांना निघायला बारा दिवस उशीर झाला. तो त्यांनी कुणाला कळवलाही नाही. त्या बारा दिवसांत डोंगरावर ढग फुटला, ओढ्याचं पाणी पसरलं आणि खांबाचा पाया पोखरू लागलं. आश्रुबा पायाशी दगड रचायला धावला. खांब त्याच्यासकट खाली आला. माती उपसली तेव्हा त्याचे दोन्ही हात खांबाच्या ढेकळांना कवटाळून होते, असं लोक सांगत.

विठ्ठलराव पोचले तेव्हा तिथं सपाट चिखल होता. त्यांनी वहीत लिहिलं, 'साक्षी आढळली नाही.' ते खरं होतं. त्या खऱ्या वाक्यावरच खात्यानं अंदाजानं चार फूट धरले आणि मनकर्णाची गाढवं जप्त झाली होती.

या खेपेला ते गाडीवानाला गावात ठेवून एकटेच तलावाकडे निघाले. ऊन मी म्हणत होतं. बांध पिवळा पडला होता, तलाव कोरडा होता, आणि कापून सपाट झालेल्या माळावर हिरवी काडीसुद्धा नव्हती. माळाच्या कडेला मनकर्णाचं पाल होतं. ती मात्र पालात नव्हती. भर माळावर बसून एक गोणपाट शिवत होती, आणि सावलीत बसली होती.

विठ्ठलराव थबकले. माळावर झाड नव्हतं, मेढ नव्हती. त्यांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. सावली चारेक हात रुंद होती आणि तिच्या कडा ठळक होत्या. नजर उन्हानं दिपली असेल, असं म्हणून त्यांनी डोळे चोळले आणि पुढं झाले.

मनकर्णा उठली, पालातून तांब्या आणला. पाणी पिऊन ते तिच्याशेजारी टेकले. जमीन गार लागली. ती गोणपाट शिवत राहिली. थोड्या वेळानं तिनं गोणपाट वीतभर उजवीकडे ओढलं. सावली तेवढी सरकली होती.

"ही सावली कशाची?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"साक्षी उभी व्हती तवा हितंच पडायची," ती म्हणाली. "मी काय इचारत न्हाई, साहेब. बसते."

 विठ्ठलरावांच्या घरातही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक जागा होती, तिथं ते उगीच बसत आणि कुणाला काही विचारत नसत. त्या बाईबद्दल त्यांना फार माया वाटली, आणि स्वतःची तितकीच लाज. उशीर का झाला, ते त्यांनी तिला सगळं सांगितलं. गीताबाईचा ताप, ते बारा दिवस, न धाडलेला निरोप. येणं लांबलंय, खांबासाठी जीव टाकू नकोस, एवढा निरोप मिळाला असता तर आश्रुबानं खांबाचा नाद सोडला असता, हेही बोलून टाकलं. ती ऐकत होती. मग सुई थांबवून म्हणाली, की मालकीण गेल्याचं आमाला ठावं नव्हतं, न्हाईतर मी दोन दिस येऊन ऱ्हायले असते.

या बोलण्यानं ते पुरतेच खचले. सव्वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला त्यांनी वही उघडली. मी अकरा फूट लिहितो, म्हणाले, कोण तपासायला येतंय.

मनकर्णानं वहीवर हात ठेवला.

"न पाहता लिवू नका. त्यांनी साक्षीवर मूठभर माती वाढवली न्हाई कदी. त्यांच्या नावावर खोटा आकडा नगं."

"मग गाढवं जातील, मनकर्णाबाई."

"जातील," ती म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली.

काहीतरी मोजल्याशिवाय विठ्ठलरावांना परतवेना. निदान माळाची लांबी-रुंदी नव्यानं घ्यावी म्हणून त्यांनी चामड्याच्या डबीतली फीत काढली. फितीच्या टोकाला पितळी कडी असते. ती दुसऱ्या माणसानं धरायची, म्हणजे फीत ताणता येते. आश्रुबा स्वतःच कडी धरायचा. उन्हात पितळ चटके देतं म्हणून कडीला हरळी गुंडाळून दोन गाठी मारायचा, आणि टोक नीट बसलं की फितीला दोन झटके द्यायचा. तोंडानं कधी सांगायचा नाही. विठ्ठलराव त्याला म्हणत, अरे, बोलायला पैसे पडतात का? तो नुसता हसायचा.

त्यांनी कडी सावलीत जमिनीवर टाकली आणि मनकर्णाला म्हणाले, जरा धरा. तेवढ्यात ओढ्याकडून वावटळ उठली.

धूळ भिंतीसारखी आली. तांब्या कुठंतरी घरंगळत गेला. विठ्ठलरावांनी एका हातानं वही छातीशी धरली, दुसऱ्या हातात फितीची डबी, आणि गच्च डोळे मिटले.

डबीतली चक्री फिरू लागली.

फीत बाहेर जात होती, सावकाश. माळावर आडवी असायला हवी ती त्यांच्या हातातून वर चालली होती. वारा असणार, ते मनात म्हणाले. वाऱ्यानं फीत फडफडते, वळते. ही सरळ जात होती.

मग ती थांबली आणि ताणली गेली.

दोन झटके.

त्यांचे हात कामाला सरावलेले होते. त्यांनी डबी जमिनीला टेकवली, धुळीत डोळे किलकिले करून आकडा पाहिला. अकरा फूट चार इंच. पुन्हा पाहिला. तोच.

"मनकर्णाबाई, सोडू नका," ते ओरडले. "तशीच धरा."

"मी हितं हाय, साहेब."

आवाज पाठीमागून आला. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. दुसऱ्या हातात तिनं त्यांचा उडून चाललेला रुमाल पकडला होता.

फीत तशीच ताठ होती.

विठ्ठलराव वर पाहायला धजले नाहीत. गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी आकडा लिहिला. आकडा स्वच्छ आला. डोळ्यांनी पाहिलेला आकडा होता तो.

वही मिटली तरी फीत सुटेना. हळूच ओढून पाहिली. वरून कुणीतरी घट्ट धरली होती.

मनकर्णा त्यांच्या कानाशी बोलली. तिचा आवाज ओला होता.

"सोडा आता त्यांला. वरीस झालं, उभे हायत."

"बाई, मग ही सावली..."

"ठावं हाय मला. सोडा."

त्यांच्यापाशी कुदळ नव्हती. त्यांनी मूठ मिटली आणि जमिनीवर एकदा हळूच आपटली.

"आश्रुबा," ते म्हणाले, "मला उशीर झाला. साक्षी सुटली."

फीत सैल पडली. धुळीत काहीतरी मोठं, जड कोसळल्याचा आवाज झाला, आणि पायाखालची जमीन तसूभरही हलली नाही.

वावटळ गेली. माळ सपाट होता, आणि सगळीकडे सारखंच ऊन होतं. मनकर्णा मघाच्याच जागी जाऊन बसली. डोक्यावर पदर ओढून तिनं उन्हातच सुई ओवायला घेतली. विठ्ठलरावांनी न पाहताच फीत गुंडाळली आणि डबीचं झाकण लावलं.

अकरा फूट चार इंच मोहतमीम साहेबांपुढे गेले. हा आकडा आता कुठून आला, साक्षी पुन्हा कशी सापडली, असं त्यांनी विचारलं. सापडली, मी मोजली, विठ्ठलराव म्हणाले. फितीचं दुसरं टोक कोणी धरलं, एवढंच साहेबांनी पुढं विचारलं. गुत्तेदारानं, विठ्ठलराव म्हणाले. सव्वीस वर्षांची वही होती. साहेबांनी सही केली. लिलाव टळला आणि चौदाही गाढवं मनकर्णाच्या पालाशी परत आली. सुंदरराव पाटलांनी मोजून दिली, तिनं पुन्हा मोजून घेतली, असं गाडीवान सांगत आला.

त्या संध्याकाळी विठ्ठलराव घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. माळावरून आल्यापासून फितीला तेल लावायचं बारा दिवस राहून गेलं होतं. त्यांनी डबी उघडली आणि कडी बाहेर ओढली.

कडीला हरळी गुंडाळलेली होती, दोन गाठी मारून. ती हिरवी होती आणि अजून ओली होती.