दस्त्यावरची खळगी

ऑर्विल केम्पाइनेनने ती बंदूक हार्डवेअरच्या दुकानातून आणली. तिथे पिंपात फावडी उभी करतात तशा जुन्या लष्करी बंदुका उभ्या होत्या, नळीपासून दस्त्यापर्यंत घट्ट तपकिरी ग्रीसने माखलेल्या. फिनलंडच्या फौजेने मोडीत काढलेला माल. मिशिगनच्या या उत्तर टोकाला निम्म्या गावाचे आजे तिकडून आलेले, त्यामुळे बघता बघता पिंप रिकामं झालं.

खाण संपामुळे बंद होती. हिवाळाभर ताटात मांस हवं तर हरिण पाडायलाच हवं, आणि ऑर्विलचा मेव्हणा रूबेन याच्याकडे धड बंदूक नव्हती. त्याच्या घरी चार तोंडं. शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. ऑर्विलने त्याला शब्द दिला होता.

"पुढचं सगळं लाकूड कापून टाक," रूबेन शेडमधल्या बाकावर पाय हलवत म्हणाला. "माथ्यावर भोकं पाड, दुर्बीण बसव. ही काय बंदूक आहे? कुंपणाचा खांब आहे! ही घेऊन जंगलात शिरलो तर हरणं हसूनच मरतील."

"बरंय की. गोळ्या वाचल्या."

उर्हो काका दारात कॉफीचा कप घेऊन उभे होते. रूबेनचे आणि ऑर्विलची बायको सेल्मा हिचे सख्खे काका. तिकडच्या लढाईत ते सैनिक होते; ती संपल्यावर ते फिनलंड सोडून आले आणि ओढ्यापलीकडच्या छोट्या घरात एकटेच राहिले. ओढा अरुंद, इकडून हाक मारली की तिकडे ऐकू जाई.

ते पुढे आले. ग्रीस पुसून काढलेल्या दस्त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि तो एका जागी थांबला. तिथे लाकडात उथळ खळगी होती, वर्षानुवर्षं गाल टेकून झिजल्यासारखी. पण उजव्या अंगाला.

"चुकीच्या बाजूला झिजलंय," ऑर्विल म्हणाला.

"बाजू बरोबर आहे. डावखुरा होता."

"कोण होता, काका?" रूबेनने विचारलं.

"मी कुठे म्हटलं, ओळखतो म्हणून?" त्यांनी हात कोटाला पुसला. "कापू नकोस, ऑर्विल. होती तशी कर आणि ठेवून दे."

कप बाकावर तसाच ठेवून ते गेले. त्यांनी कॉफी टाकल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

ऑर्विलपुढे पेच पडला. मूळ रूपात आणायची तर रूबेनच्या हाती काय द्यायचं? कापायची तर म्हाताऱ्याला काय सांगायचं? बंदूक बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून त्याने विचार सकाळवर ढकलला.

सकाळी शेडमध्ये थंडी मुरली होती. पाना, करवत, बंदूक, सगळ्यावर हिमाची पांढरी साय धरली होती. फक्त दस्त्याच्या त्या खळगीत लाकूड कोरडं होतं. आणि पुढे, नळीखाली, तळहाताएवढी जागा मोकळी होती.

राहिलेलं ग्रीस असणार, त्याने ठरवलं. तो खाणीतला मेकॅनिक. कारणाशिवाय काही होतं यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने रॉकेलच्या फडक्याने सगळी बंदूक घासून पुसली. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही जागा पुन्हा मोकळ्या होत्या. या वेळी तळहाताला बोटंही होती. नळीला उजव्या हाताने घातलेल्या विळख्यासारखी चार.

त्याला राग आला, भीतीपेक्षा रागच. त्याने करवत उचलली आणि पुढचं लाकूड कापलं. इतकं जुनं, वाळलेलं लाकूड. पण भुसा ओला निघाला, करवतीच्या दातांना चिकटला. तुटलेला तुकडा त्याने फेकला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या सकाळी हाताचा ठसा मागे सरकला होता, कापलेल्या टोकाच्या अलीकडे, उरलेल्या लाकडावर. तेवढंच नव्हतं. सगळ्या बंदुकीवर हिम होतं, पण चाप काळाभोर, स्वच्छ होता.

ऑर्विलने काडतुसांची जागा उघडून पाहिली. रिकामी. पुन्हा पाहिली. रिकामीच.

दुपारी रूबेन आला आणि कापलेली बंदूक पाहून खूष झाला. "आता कशी शोभते! चल, भोकं पाडायच्या आधी चालवून तरी बघू."

रेतीच्या खाणीत त्याने खोक्यावर कागद लावला, पालथा पडला, दस्त्याला गाल लावला. तो उजव्या हाताने मारणारा; त्याचा गाल डाव्या अंगाला टेकला. ऑर्विल मागे उभा होता. रूबेनचं बोट चापावर गेलं आणि तिथेच राहिलं. बराच वेळ.

"अरे, मार की! कागद पळून जायचा नाही."

रूबेनने बंदूक हळूच खाली ठेवली. गुडघ्यांवर उठला.

"तू मघाशी माझ्या शेजारी पडला होतास?"

"मी इथेच उभा आहे."

"कानाला कान लागला होता कुणाचा तरी." त्याने कान चोळला. "श्वास नाही ऐकू आला, ऑर्विल. श्वास रोखल्याचं ऐकू आलं."

परतताना ट्रकमध्ये तो म्हणाला, "मला नको ती. मी शेजाऱ्याची मागून घेईन."

भोकं पाडायची राहिली ते बरं झालं. लाकूड परत चिकटवता येतं. पोलादातलं भोक बुजत नाही. ऑर्विलने जपून ठेवलेला तुकडा सरसाने जोडला, आवळला, वाळू दिला, जवसाचं तेल चोळलं. सांधा बोटाला लागेना. दुसऱ्या सकाळी दस्ता, नळी, चाप, सगळं एकसारखं पांढरं होतं. कुठेही मोकळी जागा नव्हती. कित्येक दिवसांनी त्याने पोटभर न्याहारी केली.

"काकांना देऊन येतो," तो सेल्माला म्हणाला.

"हे ताजं निसूही ने त्यांना. गरम आहे तोवर."

वेलचीच्या ब्रेडची पुरचुंडी खिशात, बंदूक काखेत. पहाटेच बर्फ पडला होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. ओढ्याच्या अलीकडच्या चढावर आडवा पडलेला एक ओंडका होता. त्याच्यामागे बर्फ नव्हता.

माणसाच्या लांबीएवढं गवत उघडं होतं. फाकवलेले पाय. टेकलेली दोन कोपरं. तिथे यायच्या-जायच्या पाऊलखुणा नव्हत्या.

ऑर्विलने ओंडक्यावरून समोर पाहिलं. झाडांमधून एकच गोष्ट दिसत होती. उर्हो काकांची खिडकी.

काका आत होते. ऑर्विलला वाटलं, आपल्याला पाहून ते हात करतील. त्याने हाक मारली.

त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. बसले. कोटाची बटणं वरून एकेक सोडून छाती मोकळी केली, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ झाले, लढाईतलं जुनं देणं चुकवायला बसल्यासारखे.

"काका!"

त्यांनी ऐकलं असावं. पण ते ऑर्विलकडे पाहत नव्हते. त्यांची नजर त्याच्या पायांशेजारी होती, जमिनीलगत.