सोबतिणीचं रडणं

गेली काही वर्षं चर्चच्या मंडळीत कोणी वारलं की दफनानंतर तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब दारी सोबतीण पाठवत. ती मिशनची जाड चटई पसरायची, समोरासमोर बसायची आणि आपणहून एक शब्द बोलायची नाही. बायबलातल्या दुःखी ईयोबाचं सांत्वन करायला आलेले मित्र गप्प होते तोवरच कामाचे होते, हा धडा मंडळीनं उशिरा का होईना, घेतला होता.

दुर्कसबाई ओहोळांकडे लुदियाबाई थोरात येत. दुर्कसबाईंचा तरणाताठा मुलगा शिलास तापाने गेला होता. पहिले काही दिवस त्या आणि लुदियाबाई मिळून ढसाढसा रडल्या. मन हलकं होऊ लागलं आणि तिथेच दुर्कसबाईंच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला. या बाईने शिलासला कधी पाहिलंसुद्धा नाही, मग हिला एवढं रडू येतं कुठून?

दुर्कसबाई मुळातच भोळ्या नव्हत्या. एका दुपारी चटईवर बसून त्यांनी चांगले चार कांदे चिरले. डोळ्यांतून धारा लागल्या, पण लुदियाबाई कोरड्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दुर्कसबाई मटार सोलत बसल्या, चेहरा दगडाचा, आणि मनात शिलासचा तापलेला हात धरला. समोर लुदियाबाईंच्या गालांवर पाणी ओघळलं.

दुर्कसबाई तडक मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर उजागऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "त्या बाईच्या अंगात काय भरलंय तुम्ही?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. "दोन माणसं बराच वेळ शेजारी बसली की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. याला आम्ही सहस्पंद म्हणतो. परक्या माणसाबरोबर हे लवकर जमत नाही. म्हणून चटई तुमची नाडी टिपते आणि सोबतिणीच्या कानामागचं बारीक यंत्र तीच लय तिच्या नसांना देतं. ती तुमच्यासारखी रडते, मग शांत होते आणि तिच्यामागून तुम्हीही शांत होता."

"म्हणजे रडतंय कोण? बाई की मशीन?"

"शरीर बाईंचंच. दुःख तुमचं."

"मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या थडग्याशी प्रभू येशू रडला, तेव्हा त्याच्या कानामागे काय होतं हो?"

डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

दुर्कसबाईंना संताप आला, लाजही वाटली. उसन्या रडण्याने आपल्याला बरं वाटलं होतं! दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातच सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नका. मला बरं वाटतंय."

लुदियाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अजून थोडे दिवस येऊ द्या, बाई."

"का? तुमचा काय फायदा त्यात?"

पहिल्यांदाच सोबतीण भरभरून बोलली. "आमचे हे गेले, नाताळच्या आधी. मातीला सगळी मंडळी रडली आणि मी आपली उभी खांबासारखी. इतकी वर्षं लोकांचं रडणं अंगातून गेलं, आता माझं म्हणून काही येतच नाही. तुमच्यापाशी बसलं की पाणी येतं डोळ्याला. तेवढ्यात मी मनातल्या मनात यांचं नाव घेऊन घेते."

हेही थोतांड नसेल कशावरून, असं दुर्कसबाईंच्या मनात आलंच. पण त्या कोरड्या डोळ्यांकडे त्यांना बघवेना. त्यांनी स्वतःच चटई पसरली.

दोघी बसल्या, पण काहीच होईना. दुर्कसबाई खरंच बऱ्या झाल्या होत्या, नाडी अगदी संथ चालली होती. लुदियाबाई आशेने बघत होत्या.

शेवटी दुर्कसबाईंनी डोळे मिटले आणि एवढे दिवस कडी घालून ठेवलेली ती पहाट उघडली. मुठीतला शिलासचा हात बोटांपासून गार पडत गेला होता. त्यांच्या छातीत कळ उठली आणि समोर लुदियाबाईंना हुंदका फुटला.

"मोठ्यानं घ्या त्यांचं नाव," दुर्कसबाई म्हणाल्या.

"मनोहर," लुदियाबाई रडत म्हणाल्या. "मनोहर, मनोहर."

निघताना त्या उंबऱ्यात थबकल्या. "उद्या येऊ?"

"या," दुर्कसबाई म्हणाल्या. दार लावून त्या एकट्याच चटईवर बसल्या आणि उद्यासाठी शिलासची कुठली आठवण अजून दुखते, ते चाचपून पाहू लागल्या.