ऑर्विलच्या बारमधला लाल दिवा

भरदुपारी दोन म्हाताऱ्या पोल्क स्ट्रीटनं एक डबा आणायला निघाल्या होत्या. व्हर्न आणि डचेस. म्हाताऱ्या म्हणजे पुरुषच हां दोघं! पण त्या रस्त्यावर अख्खा जन्म एकमेकांना बाई म्हणण्यात गेला, आता मेल्यावरच बदलणार.

"पाय उचल गं बये. सोमवारी भिंती पाडतायत. तुझ्या चालीनं आपण बुधवारी पोचू," डचेस म्हणाला.

"उंच टाचेवरनं पडलीस तेव्हा तुला घरी कोणी उचलून नेलं? गप चाल."

एकेकाळी या रस्त्याला त्यांच्यासारख्या पुरुषांचे बार दाराला दार लागून होते. आता एकात योगा, एकात महागडी कॉफी. शेवटचा राहिलेला ऑर्विलचा. ऑर्विल गेला, आणि तिथं कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान येणार होतं.

"कुत्र्याला शाम्पू! मला मेलीला कोणी एवढं चोळून न्हाऊ घातलं नाही," डचेस खिदळला.

व्हर्न हसला नाही. काउंटरमागं बिस्किटाच्या डब्यात एमेटची राख होती. घरच्यांनी नेली नाही म्हणून ऑर्विलनं ठेवलेली. ती आज आणली नाही तर ढिगाऱ्यात जाणार.

एमेट व्हर्नचा होता. पंचावन्न वर्षांपूर्वी. तेव्हा पुरुषांनी जोडीनं नाचणं गुन्हा होता; पोलीस आले की ऑर्विलच्या दारावरचा माणूस बटण दाबायचा आणि आत नाचायच्या खोलीत लाल दिवा लागायचा. दिवा दिसला की पुरुषांनी एकमेकांचे हात सोडायचे आणि भिंतीकडेच्या बायकांना धरून नाचायचं. सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. त्या रात्री एमेटनं हात सोडलाच नाही. व्हर्ननं हिसडा मारून सोडवला. एमेट एकटाच हात पुढं करून उभा राहिला, आणि पोलिसांनी त्याला उचलला. पेपरात नाव आलं, मास्तरकी गेली, महिन्याभरात त्यानं जीव दिला. हिसड्याचं मात्र व्हर्ननं कोणाला सांगितलं नव्हतं. डचेसलासुद्धा नाही.

डचेसचा गुडघा धरला म्हणून तो दारातच बसला. व्हर्न बॅटरी घेऊन आत गेला. काचा काळ्या रंगवलेल्या, वीज कधीच तोडलेली. शिळ्या बिअरचा वास, आणि त्याखाली केसांना लावायच्या तेलाचा. ताजा.

डबा सापडला. डाव्या काखेत घट्ट धरून तो नाचायच्या खोलीतनं परत निघाला, आणि बॅटरी विझली.

अंधारात पाय घासत होते. फळ्यांवर, हळूहळू, जोडीजोडीनं...

उजव्या हातात कोणीतरी हात दिला. गार, कोरडा. खडूची भुकटी लागलेला.

"एमेट...?"

बोटं फक्त बोटांत नीट बसली.

आणि लाल दिवा लागला.

"डचेस...! बटण सोड..."

"कुठलं बटण गं?" दारातनं आवाज आला. "इथं नुसतं भोक आहे... वायरसुद्धा नेल्यात मेल्यांनी."

भोवतालचे पाय भराभर पांगले. बाहेरनं जड बूट आत आले. व्हर्नची बोटं आपसूक ढिली पडायला लागली, अंगात मुरलेलंच ते. घाम कानामागनं उतरला. सोड, सोड, सगळी हाडं सांगत होती.

त्यानं मूठ आवळली.

"नाही सोडत... या वेळी नाही..."

बूट जवळ आले. अगदी मानेमागं थांबले. कोणीतरी सावकाश श्वास घेतला...

दिवा गेला. हातातला हातही गेला.

बाहेर लख्ख ऊन होतं. व्हर्न डबा छातीशी धरून धडपडत आला.

"एवढी पांढरी का पडलीस गं? आणि हात कशात घातलेस?"

व्हर्ननं पाहिलं. दहाही बोटांची टोकं काळीकुट्ट. डचेसनं एक बोट रुमालात धरून पुसलं, वास घेतला, आणि त्याची टवाळी तिथंच संपली. तीनदा पोलीस कोठडीत जाऊन आलेला माणूस तो.

"ही चौकीतली शाई आहे... ठसे घेतात ती. ओली आहे अजून. व्हर्न... कोणी घेतले तुझे ठसे?"

व्हर्ननं दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. अंधारातल्या त्या हातानं त्याचा फक्त उजवा हात धरला होता. डावा तर सगळा वेळ डब्यावरच होता.

आणि डब्यावर एकही डाग नव्हता.